वेणू अत्तेचं नाळेचं गाणं

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेने मला बोलावलं. गावात राहून स्वतः गाणी रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांची ओळख नववीच्या मुलींना करून द्यायची होती. त्या यादीत माझ्या अत्तेचं नाव होतं. मी गेले. तिची चाळीस गाणी आहेत असं सांगितलं, त्यातली तीन म्हणून दाखवली आणि मुलींनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. घरी येऊन चप्पल काढताना आठवलं की आपण आकडा चुकीचा सांगितला. गाणी एकेचाळीस आहेत. तीस वर्षं मी गणित शिकवलं आणि आकडा चुकला तर मला जेवण जात नाही. पण हा आकडा चुकून चुकला नव्हता. ते एक गाणं मी का गाळलं, तेवढंच या प्रकरणात लिहायचं आहे.

आमचं घर कुंभकोणम्‌च्या तांब्यापितळेच्या बाजारामागच्या गल्लीत. सकाळी सहापासून समया ठोकल्याचा आवाज सुरू व्हायचा. तो इतका सवयीचा होता की रविवारी तो बंद असला की काहीतरी बिघडल्यासारखं वाटून आम्ही लवकर जागे व्हायचो. रविवारी इडलीबरोबर कडप्पा असे, म्हणजे मुगाची डाळ आणि बटाटा खसखशीत शिजवलेला पातळ रस्सा. इतर दिवशी आंबट सार, भात आणि दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी. आईचा हात मिठाला हलका होता, अत्तेचा जड. पानावर वाढलेलं कुणाचं आहे हे एका घासात कळे. घरात आम्ही पाच माणसं: पोस्टात काम करणारे अप्पा, आई, मी, धाकटा मुरली आणि वेणू अत्ते. अत्ते अप्पांची मोठी बहीण. तिला साक्कोट्टैला दिलं होतं, म्हणजे चालत गेलं तरी तासाभराचं अंतर. नवरा गेल्यावर ते घर पुतण्यांकडे गेलं आणि ती एका ट्रंकेसह आमच्याकडे परत आली. तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे ती नव्हती असं घर मला आठवतच नाही.

घरात आम्ही आमची मराठी बोलत असू आणि उंबरा ओलांडला की तमिळ. पुण्याची माझी एक वहिनी म्हणते की तुमचं बोलणं ऐकलं की जुन्या बखरीला तमिळची फोडणी दिल्यासारखं वाटतं. खरं आहे. आमचे पूर्वज इकडे आले तेव्हाचे शब्द आमच्याकडे तसेच राहिले आणि मधल्या फटी तमिळने भरल्या. कुठला शब्द आपला आणि कुठला बाहेरचा, हे लहानपणी कुणी सांगत नाही. एक उदाहरण आत्ताच देते, कारण सगळं त्यावरच आहे. तमिळमध्ये ‘नाळ्’ म्हणजे दिवस. आई कुठेही निघाली की म्हणायची, “नाळ बघितली कां? अष्टमी आहे गे आज.” त्यामुळे नाळ म्हणजे दिवस, हे मला चालायला शिकल्यापासून ठाऊक होतं. या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, जो प्रत्येक मराठी वाचकाला हे वाचतानाच कळला असेल, तो मला चौदाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हता. बाळंतपणं इस्पितळात होत. आमच्यासारख्या मुलींसमोर त्यातलं काही बोललं जात नसे.

अत्ते गाणी रचत असे. तिला लिहिता येत नव्हतं आणि गाण्याची तालीमही मिळालेली नव्हती. हात कामात असले की तिच्या तोंडातून ओळ यायची, दुसऱ्या दिवशी तिला दुसरी ओळ जोडली जायची आणि आठवड्याने गाणं उभं राहायचं. नगरपालिकेच्या नळाला पाणी येत नाही त्याचं गाणं होतं. रेल्वे फाटकापाशी अडकलेल्या म्हशीचं होतं. विजेचा रगडा घरात आला तेव्हा अंगणात नेऊन ठेवलेल्या दगडी रगड्याने काढलेल्या रुसव्याचं होतं. मी ती माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेत असे आणि प्रत्येक ओळीची अक्षरं मोजून समासात आकडा घालत असे. अत्तेला त्याची मोठी गंमत वाटे. “किती भरलीं गे?” ती विचारायची. मी म्हणायची, “वरची बारा, खालची तेरा. एक जास्त झालं.” “असूं दे. म्हशीला शेपूट असतें तसें.”

एक गाणं मात्र ती मला उतरवू देत नसे. ते ती फक्त विहिरीवर, रहाट ओढताना म्हणायची आणि कुणी मागच्या दारात आलं की थांबायची. मी मोरीत लपून तीन वेळा ऐकलं आणि पाठ केलं:

नाळ मज ठावी, बाळ नाहीं ठावें,
नाळेपाशीं बसोन कोणा हांकारावें.
अकरा दीस मोजिले, बारावा न जाहला,
नांवाचा घांस माझा ओठींच राहिला.

मी त्याचा अर्थ माझ्या मनाने लावला. दिवस ठरलेला आहे, मुलगा कुठे आहे ते माहीत नाही. परगावी गेलेल्या मुलाची आई दिवस मोजत बसली आहे. ‘दीस’ आणि ‘नाळ’ असे एकाच अर्थाचे दोन शब्द एकाच गाण्यात का आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. गणितात एकाच राशीला दोन नावं दिसली तर मी थांबले असते. इथे थांबले नाही.

नववीत आम्हाला तमिळ शिकवायला मंगळम् टीचर होत्या. उंच, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि वर्गात गाणाऱ्या. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की पुस्तकातल्या गाण्यांबरोबर गावातलं जिवंत गाणंही मुलींना कळलं पाहिजे. “तुमच्या गल्लीत कुणी स्वतः गाणी बांधतं का?” त्यांनी विचारलं. एकतीस मुलींत माझा एकटीचा हात वर गेला. मला वही आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गाण्यांचे अर्थ तमिळमध्ये सांगितले आणि वाहवा मिळते आहे असं दिसल्यावर, न उतरवलेलं ते गाणंही म्हणून दाखवलं. फळ्यावर माझ्या हाताने तमिळ अर्थ लिहिला: नाळ् मला माहीत आहे, मुलगा माहीत नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मस्कतला, दुबईला किंवा सिंगापूरला होतं. मागच्या बाकावरची सेल्वी रडायलाच लागली. तिचे वडील मस्कतला होते आणि दोन वर्षांतून एकदा येत. टीचर म्हणाल्या, “हे गाणं आपण शाळेच्या वार्षिक समारंभात म्हणू. तुझ्या अत्तेला घेऊन ये. त्यांनीच शिकवायला पाहिजे.”

मी धावत घरी आले. अत्ते विहिरीजवळ केळफूल सोलत बसली होती.

“अत्ते, टीचरनं बोलावलंय तुला. शुक्रवारी. सगळ्यांना तुझं गाणं शिकायचंय.”

“कोणतें? म्हशीचें?”

“नाळेचं.”

तिचे हात थांबले. “तें तुला कोठून ठावें?”

“ऐकलं. मोरीतून. रागवू नोको.”

“अर्थही ठावा?”

“ठावा. मी सगळ्या वर्गाला सांगितला.”

“वर्गाला? नाळेचें सांगितलीस? टीचरला पण?”

“हो. एक मुलगी रडली.”

अत्ते माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना केळफुलाचा चीक लागून ती काळी पडली होती. “रडली,” ती म्हणाली. “कोणाची गे ती मुलगी?” आणि मग उठून, हात न धुताच, आत गेली आणि ट्रंक उघडून निळ्या काठांची साडी शोधायला लागली.

पुढे काय घडत होतं ते मला तेव्हा दिसलं नाही, आज स्पष्ट दिसतं, म्हणून ते आत्ताच सांगून टाकते. लग्नानंतर साक्कोट्टैच्या घरी अत्तेला मुलगा झाला होता. एकोणीस वर्षांची होती ती. घराच्या मागे, न्हाणीघराच्या भिंतीलगत सुइणीने नाळ पुरली, ती जागा तिने खाटेवरून दारातून पाहिली होती. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं. अकराव्या दिवशी पहाटे मूल गेलं. पुरुषमाणसं त्याला उचलून नदीकडे घेऊन गेली आणि कुठे ठेवलं ते कुणी तिला सांगितलं नाही. नाव ठेवलेलं नाही, म्हणून त्याचं काही करायचं नाही आणि त्याचं बोलायचं नाही, असं सासूने सांगितलं. पुन्हा मूल झालं नाही. नवरा असेपर्यंत आणि नंतरही कुणी त्या मुलाचा शब्द काढला नव्हता. अप्पांना आणि आईलाही अर्धवटच माहीत होतं. आणि आता, अठ्ठावीस वर्षांनी, भाची येऊन सांगते आहे की एकतीस मुलींना आणि त्यांच्या टीचरला सगळं कळलं आहे, त्यांना ते गाणं शिकायचं आहे, आणि त्यातली एक रडली.

पहिल्या शुक्रवारी अत्ते शाळेत आली. टीचरच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला तयार होईना, म्हणून फळ्याखालच्या पायरीवर बसली. तिने ते गाणं मोकळ्या आवाजात, मान वर करून म्हटलं. विहिरीवर ती जे म्हणत असे ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या ओळीतलं जास्तीचं तेरावं अक्षर ती कसं बसवते ते मला तेव्हा कळलं. ‘बसोन’वर ती जरा टेकायची, एखाद्या पायरीवर बसून परत उठावं तसं. मुलींनी मागून म्हटलं. एकतीस तमिळ-वळणाचे ‘हांकारावें’ छपराला जाऊन लागले. गाणं संपल्यावर टीचर म्हणाल्या, “काही विचारायचं असेल तर विचारा.” सेल्वी उभी राहिली. ती बोलायला लागली की कुणाची परवानगी लागत नसे.

“मामी, तुमचा मुलगा कधी येणार?”

अत्तेने आधी तिच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळ्यावरचं तमिळ तिला वाचता येत नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते, कारण सगळं छान चाललं होतं. किती वेळ गेला हे मी मोजलं नाही आणि त्याची मला आज खंत वाटते. मग अत्ते तमिळमध्ये म्हणाली, “त्याने दिवस कळवला नाही, कण्णा.”

“माझे अप्पापण असंच करतात,” सेल्वी म्हणाली आणि बसली.

घरी आल्यावर अत्ते सरळ मागच्या दाराने विहिरीवर गेली. मी मात्र घरात शिरताशिरता आईला सगळं सांगितलं: अत्तेचा मुलगा, मस्कत, ठरलेला दिवस. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “कसला मुलगा? कसला दिवस? काय लिहिलंस तूं फळ्यावर?” मी सांगितलं. आईने मला माजघरात नेलं, दार लोटलं आणि नाळ म्हणजे काय ते चार वाक्यांत सांगितलं. मुलाचंही सांगितलं. चौथं वाक्य संपल्यावर ती म्हणाली, “आतां जा आणि पाय धर तिचे.”

अत्ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मी रडत म्हटलं की मी उद्याच टीचरला सांगते, माझं चुकलं, दिवस नाही, नाळ म्हणजे नाळ. तिने ऐकून घेतलं.

“नोको सांगूं,” ती म्हणाली.

“पण चूक आहे ती, अत्ते!”

“असेल. ती मुलगी वाट बघती आहे त्याची. तूं बघितलीस कां? येथें त्याची वाट कोणी बघितली नाहीं गे. अकरा दिवसांचा झाला तरी हा जगेल असें धरून कोणी चाललें नाहीं. असूं दे थोडी.”

दुसऱ्या शुक्रवारी एका मुलीने विचारलं की शेवटच्या ओळीत ओठावर राहिलेलं नाव कुठलं. तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि मी बाकाच्या कडेला नखं रोवून बसले होते. अत्ते म्हणाली, “रघू. रघुनाथ.” अजिबात न अडखळता. एकतीस मुलींपैकी कुणीतरी “रघु अण्णा” म्हणून पाहिलं, मग दुसरीने, आणि मग ते नाव वर्गभर फिरलं. बारसं कसं असतं हे मी नंतर अनेक घरांत पाहिलं आहे. कानात नाव सांगतात, बायका पुन्हा पुन्हा म्हणतात, कुणी हसतं, कुणी चिडवतं. त्या दिवशी पावणेचार वाजता नववीच्या वर्गात तेच झालं आणि ते बारसं आहे हे तिथे दोघींनाच माहीत होतं. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत रघु अण्णा उंच झाला होता, त्याला डांगर पच्चडी आवडत होती आणि मस्कतच्या उन्हाने तो काळा पडला होता. “गोरा होता माझ्यावेळीं,” अत्ते म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती घरी येताना पितळी बाजारातून चालायची तेव्हा समया ठोकणारे वर बघायचे, कारण ती गुणगुणत असे.

मला मात्र झोप लागेना. उत्तर चुकीचं आहे हे माहीत असताना ते वहीत तसंच ठेवणं मला जमत नव्हतं. आजही जमत नाही. त्यातच समारंभाची पत्रिका छापायला जाणार असं कळलं. त्यात गाण्याचा तमिळ अर्थ आणि खाली माझं नाव येणार होतं. सगळ्या गावासमोर छापील खोटं, आणि खाली माझं नाव. अत्तेचा विचार मी केला नाही असं नाही. मी असा विचार केला की खरं कळलं तर सगळ्यांना तिच्याबद्दल जास्तच वाटेल. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी टीचरच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. टीचरनी चष्मा काढला. मला रागावल्या नाहीत. “चांगलं केलंस सांगितलंस,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी पुढे तीस वर्षं विद्यार्थिनींना म्हणत आले आणि दर वेळी तो मंगळवार आठवला.

बुधवारी त्यांनी वर्गाला सांगितलं. पटावर एकतीस, त्या दिवशी हजर तीस. शुक्रवारी अत्ते आली तेव्हा सगळ्या मुली उभ्या राहिल्या, एकदम, परीक्षेला तपासनीस येतात तेव्हा उभ्या राहतात तशा. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या बाकावरची एक रडू आवरत होती. टीचर पुढे आल्या, अत्तेचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “आम्हाला माफ करा, अम्मा. आम्हाला माहीत नव्हतं. समारंभात आपण नळाचं गाणं घेऊ.” अत्तेने मुलींकडे पाहिलं, एकेका बाकावरून, शोधत असल्यासारखं. मग पायरीवर बसली आणि नळाचं गाणं शिकवलं. पूर्ण, चारही कडवी, चुकलं तिथे पुन्हा. मुली अगदी हळू आवाजात म्हणत होत्या. इतक्या हळू की ते गाणं ऐकून कुणाला हसू आलं नसतं.

बाजारातून येताना मीच बोलले. “मी खरं तेच सांगितलं, अत्ते.”

“हो.”

“खोटं किती दिवस चालणार होतं?”

“तें मी मोजलें नव्हतें.” ती चालत राहिली. एका दुकानासमोर माणूस समईचा दांडा कानशीने घासत होता, त्याच्या आवाजाने तिचं पुढचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. मला जे ऐकू आलं ते असं होतं: “दोनदां नेलात गे त्याला.”

नळाचं गाणं समारंभात चांगलं झालं. लोक हसले. टाळ्या पडल्या. अत्ते पुढच्या रांगेत बसली होती आणि तिला शाल दिली. ती आमच्याबरोबर पुढे चोवीस वर्षं राहिली, आणखी गाणी रचली, मी उतरवत गेले. ती मला कधी टोचून बोलली नाही. पण विहिरीवर रहाट ओढताना ती गप्प असे आणि तो रिकाम्या रहाटाचा कुरकुर आवाज मला अजून, आता विहीर बुजवून मोटर बसवली आहे तरी, मागच्या दारात गेलं की येतो.

बुधवारी गैरहजर असलेली एकतिसावी मुलगी सेल्वी होती. तिला कांजिण्या आल्या होत्या. घराच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते आणि ती तीन आठवडे आली नाही, समारंभही चुकला. ती परत आली तेव्हा चाचणी परीक्षा सुरू होती आणि वर्गात त्या विषयावर कुणी बोलेनासं झालं होतं. तिला कुणीच सांगितलं नाही. दहावीनंतर ती शाळा सोडून आईच्या विड्याच्या पानांच्या दुकानावर बसायला लागली. बाकीच्या मुली रस्त्यात अत्तेला भेटल्या की आवाज खाली आणून “बऱ्या आहात ना, मामी?” विचारायच्या. सेल्वी गर्दीतून ओरडायची, “एन्न मामी! रघु अण्णाचं पत्र आलं का?” पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा पुढे व्हायला लागले आणि अत्तेने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. “आलें ना,” ती सेल्वीला म्हणाली. “खोकला आहे म्हणे.” “त्याला विडा करून पाठवा,” सेल्वी म्हणाली आणि पानांची एक जादा चवड तिच्या पिशवीत टाकली.

अत्ते पान खात नसे. तरी आठवड्यातून एकदा ती पान आणायला जायची, घराजवळची दोन दुकानं ओलांडून, ऊन असो की पाऊस, गुडघे दुखायला लागल्यावर रिक्षा करून. ती पानं आई शेजारी वाटून टाकायची. तिथे उभं राहून दोघी काय बोलत ते मी कधी ऐकायला गेले नाही. सेल्वीला खरं सांगावं असं मला अनेकदा वाटलं, लग्न झाल्यावर, नोकरी लागल्यावर, माझी स्वतःची मुलगी झाल्यावर. मी सांगितलं नाही. आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं ठेवलेलं ते माझं एकच उत्तर, असं मी समजत होते.

अत्ते गेली ती सकाळी, कॉफी मागून. एकाहत्तर वर्षांची होती. दहापर्यंत गल्ली भरली. मुरली ओल्या धोतराने अंगणात उभा होता आणि भटजी त्याच्या हातात दर्भ देत होते. एवढ्यात सेल्वी आली, दुकानातल्याच साडीवर, पदराला पानांच्या पाण्याचे डाग. ती सरळ आत गेली, अत्तेच्या पायांशी वाकली, बाहेर येऊन मुरलीकडे पाहिलं आणि मग माझ्याजवळ आली. आम्ही दोघीही अडतीस वर्षांच्या होतो. तिच्या केसांत माझ्यापेक्षा जास्त पांढरं होतं.

“हा का करतोय?” तिने विचारलं. “रघु अण्णाला कळवलं नाही?”

अंगणात अप्पा होते, आई होती, जुन्या वर्गातल्या दोघी होत्या. सगळ्यांनी ऐकलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण अशा वेळी खरं काय ते सांगणारी घरात मीच होते.

“कळवलं,” मी म्हणाले. “रजा मिळाली नाही.”

सेल्वीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाने थांबलं. “आईसाठी नाही? एवढी वर्षं वाट बघितली तिने, मी स्वतः बघितलंय. शेवटचं पाणी घालायलाही नाही? कसला मुलगा म्हणायचा हा?”

“असं बोलू नकोस,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला. “रघू चांगला आहे. त्याचं कामच तसं आहे.”